संवादी प्रोग्रामचे स्क्रिप्टद्वारा नियंत्रण

कमांड लाइनवर प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणाऱ्या प्रोग्रामला माणसाऐवजी स्क्रिप्टने उत्तरे देण्याची पद्धत. प्रश्नांचा क्रम पक्का असेल, तर उत्तरे पाइपमधून (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला पुरवणाऱ्या जोडणीतून) आत सोडली तरी बहुधा भागते.

जिथे भागत नाही, तिथे कारणे साधारण दोन. पासवर्ड विचारणारे बरेच प्रोग्राम स्टँडर्ड इनपुटकडे (पाइप जिथे जोडला जातो त्या नेहमीच्या वाटेकडे) न पाहता उत्तर थेट टर्मिनलवरून वाचतात. दुसरे कारण बफरचे, म्हणजे आउटपुट तात्पुरते साठवण्याच्या जागेचे. सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी आउटपुट टर्मिनलवर जात असल्यास ते सहसा ओळीओळीने सोडते. पुढे पाइप असल्यास मात्र बफर भरेपर्यंत धरून ठेवते. मग प्रश्न बफरमध्ये अडकतो, स्क्रिप्ट प्रश्नाची वाट पाहते, प्रोग्राम उत्तराची, आणि दोघेही हलत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे आभासी टर्मिनल (प्रचलित नाव ‘पीटीवाय’). त्याचे एक टोक प्रोग्रामला खरे टर्मिनल भासते, दुसरे स्क्रिप्टच्या हाती असते.

उगम कोठे धरायचा, हे व्याख्येवर ठरते. ‘अमुक दिसले की तमुक पाठव’ ही जोडी महत्त्वाची मानली, तर १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतील यूयूसीपीपर्यंत (फोनलाइनवरून संगणकांत फायली पाठवण्याच्या सोयीपर्यंत) मागे जावे लागते. दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याचा संवाद त्यात अशाच जोड्यांनी लिहीत. ‘पासवर्ड’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर गाळून उरलेलेच जुळवण्याची तेव्हाची सवय आजच्या स्क्रिप्टांतही दिसते. पहिले अक्षर मोठे की लहान, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. तथापि यूयूसीपीचा संवाद लॉगिनपुरताच होता. कोणताही स्थानिक प्रोग्राम हाकण्याची सर्वसाधारण सोय डॉन लिब्स यांच्या ‘एक्स्पेक्ट’पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत त्याचे काम १९८७ च्या सुमारास सुरू झाले. १९९० मध्ये यूझनिक्स या युनिक्सविषयक संघटनेच्या परिषदेत त्यावर निबंध सादर झाला. जॉन औस्टरहाउट यांची टीसीएल ही त्याची पायाभूत भाषा. पायथन भाषेतील ‘पीएक्स्पेक्ट’ ही लायब्ररी एक्स्पेक्टच्याच वळणाची.

एक्स्पेक्टमध्ये अपेक्षित मजकूर आला नाही, तर मूळ मुदतीनुसार स्क्रिप्ट १० सेकंदांनी पुढे सरकते. नवशिक्याचे उत्तर भलत्याच प्रश्नाला जाते ते अनेकदा इथे. टर्मिनल पाठवलेला मजकूर परतही दाखवते, त्यामुळे आपलीच कमांड उत्तर म्हणून जुळू शकते. विंडोजमध्ये आभासी टर्मिनलला समांतर ‘कॉनपीटीवाय’ ही सोय २०१८ मध्ये आली.