शासकीय आयटीआय प्रवेश: पात्रता, कागदपत्रे, अर्जाच्या पायऱ्या आणि जागा हुकते ती ठिकाणे

दहावीचा निकाल लागतो तेव्हा विदर्भात वखरणी आटोपत आलेली असते आणि बियाण्याची जुळवाजुळव सुरू असते. आयटीआयचे अर्ज नेमके याच दिवसांत निघतात. घरातला जो माणूस पोराला घेऊन तहसीलला जाणार, तोच पेरणीत अडकलेला असतो. त्यामुळे जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातले कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असे प्रमाणपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला ही तीन कामे निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच लावावीत. अर्ज ऑनलाइन भरायला अर्धा तास पुरतो, कागद गोळा करायला दीड महिनाही कमी पडतो. गुण चांगले असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा कागदापायी किंवा एखादी पायरी अर्धवट राहिल्यामुळे.

कोणाला अर्ज करता येतो

वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत. कमाल वयाची अट नाही. त्यामुळे दहावी होऊन चार-पाच वर्षे शेतात किंवा मजुरीला गेलेल्या मुलामुलींनाही अर्ज करता येतो. बऱ्याच घरांना हे माहीतच नसते, म्हणून ठळकपणे सांगतो.

बहुतेक व्यवसायांना (आयटीआयच्या भाषेत ट्रेडला व्यवसाय म्हणतात) दहावी उत्तीर्ण लागते. इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री आणि फिटर म्हणजे जोडारी, हे दोन वर्षांचे व्यवसाय विज्ञान व गणितासह दहावी झालेल्यांसाठी आहेत. दहावीत नापास झालेल्यांनाही वाट बंद नाही. वायरमन म्हणजे तारतंत्री (दोन वर्षे) आणि वेल्डर (एक वर्ष) अशा काही व्यवसायांची किमान पात्रता आठवीच आहे आणि तिथे दहावी अनुत्तीर्ण मुले घेतली जातात.

प्रत्येक तुकडीत जागा मोजक्याच असतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, वेल्डर यांच्या एका तुकडीत २० आणि संगणकाच्या कोपा या एक वर्षाच्या व्यवसायात २४. राखीव जागा, मुलींचे ३० टक्के आरक्षण आणि दिव्यांगांच्या जागा याच २० मधून निघतात. त्यामुळे एखाद्या प्रवर्गाला एका तुकडीत एक किंवा दोनच जागा येतात. फॉर्ममध्ये प्रवर्ग चुकला तर काय होईल याचा अंदाज यावरून यावा.

व्यवसाय निवडताना

इलेक्ट्रिशियनची रांग सगळ्यात लांब असते, त्याला कारण आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी वीजतंत्री आणि तारतंत्री दोन्ही चालतात. म्हणून गुण कमी असतील तर वायरमन सोडू नये. चंद्रपूर, वणी, उमरेड भागात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी आहेत. चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रे आहेत. भंडारा, भद्रावती आणि अंबाझरीला आयुध निर्माण्या आहेत. अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात. जिनिंग-प्रेसिंगच्या पट्ट्यात आणि ट्रॅक्टर वाढलेल्या गावांत डिझेल मेकॅनिक व ट्रॅक्टर मेकॅनिकला नोकरी नाही मिळाली तरी काम मिळते. एक वर्षाचा व्यवसाय लवकर संपतो हे खरे, पण दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पुढे डिप्लोमा करायची इच्छा असेल तर दोन वर्षांचाच व्यवसाय वरच्या क्रमांकावर टाका.

कागदपत्रे

सर्वांना लागणारे कागद असे: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला (टीसी), आधार कार्ड, फोटो, चालू मोबाइल क्रमांक आणि विद्यार्थ्याच्या नावाचे बँक पासबुक. ज्यांची दहावी बाहेरच्या राज्यात झाली, म्हणजे सिरोंचा, धारणी, वरुडसारख्या सीमेवरच्या तालुक्यांतली काही मुले, त्यांनी अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

टीसी घेण्याआधी शाळेतच थांबून नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद वाचून घ्या. शाळेच्या नोंदवहीतली चूक मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती फार अवघड होते. आधारवर १ जानेवारी जन्मतारीख पडलेली मुले गावोगाव आहेत. ती टीसीप्रमाणे करून घ्यावी लागते, आणि आधार केंद्रावर त्याला दिवस लागतात.

जातीचा दाखला हा सगळ्यात जड कागद. तो उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करायचा. पुरावा लागतो तो ठरावीक तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेला कुटुंब जिथे राहत होते तिथल्या उपविभागाकडे अर्ज जातो. आजोबा उमरखेडकडचे आणि वडील कोळसा खाणीच्या कामामुळे चंद्रपूरला आलेले, अशा घरांचा अर्ज यामुळेच परत येतो.

पुरावा शोधायच्या दोन जागा विदर्भात चांगल्या चालतात. पहिली, आजोबा किंवा पणजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत गेले तिथले दाखल खारीज रजिस्टर. त्याची प्रत मुख्याध्यापक देतात. दुसरी, तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची नक्कल. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीबरोबर जात लिहिलेली असते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर आधी कोतवाल बुकच काढा. या पुराव्याला जोडून वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे. आजोबांपासून मुलापर्यंत नावांची साखळी तुटता कामा नये. जुन्या नोंदीत आडनाव नाही, नुसते 'अमुक वल्द तमुक' (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक) आहे, तर ते कोण हे वंशावळीतून स्पष्ट दिसले पाहिजे. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर कोणी मागितला तर घेऊ नका.

नॉन क्रिमिलेअर लागते ते विजा (विमुक्त जाती), भज (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (इतर मागासवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) उमेदवारांना. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. त्यासाठी तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून आधी काढावा लागतो, आणि त्याला तलाठ्याचा अहवाल. म्हणजे तलाठी, मग तहसील, मग उपविभागीय कार्यालय असा तीन ठिकाणचा प्रवास आहे. प्रमाणपत्रावर 'वैध ३१ मार्च' अशी तारीख असते. मोठ्या भावाच्या वेळचा, मुदत संपलेला कागद घेऊन येणारे दरवर्षी असतात आणि त्यांचा दावा खुल्या प्रवर्गात जातो. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांनी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र तहसीलमधून घ्यावे. दिव्यांगांना ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली उत्पन्न व अधिवास दाखल्याला १५ दिवस, जात व नॉन क्रिमिलेअरला २१ दिवस अशी मुदत आहे. अर्जाची पावती जपून ठेवा. मुदत उलटली तर त्याच पावतीच्या क्रमांकावर ऑनलाइन अपील करता येते आणि अपील केल्यावर फाईल हलते. मे-जूनमध्ये सेतूवर गर्दी उसळते, सर्व्हर बसतो, म्हणून पुन्हा तेच सांगणे: एप्रिल.

अर्जाच्या पायऱ्या

राज्यातल्या सर्व शासकीय व खासगी आयटीआयचे केंद्रीय प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या एकाच संकेतस्थळावरून होतात. संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन' वर संपतो का ते बघा.

नोंदणी करताना जो मोबाइल द्याल तो पुढचे दोन महिने चालू राहिला पाहिजे, कारण जागा मिळाल्याचा निरोप त्यावरच येतो. सेवा केंद्रवाल्याचा किंवा दुकानदाराचा नंबर टाकू नका. भामरागड, धारणीसारख्या भागात नेटवर्क नसेल तर तालुक्याला राहणाऱ्या नातेवाइकाचा नंबर द्या, पण तो माणूस संदेश वाचून सांगणारा हवा. मिळालेला नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

मग अर्ज भरायचा, नाव व गुण दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, एकही अक्षर न बदलता. प्रवर्ग, दिव्यांग असे दावे तेवढेच करा ज्यांचा कागद हातात आहे. प्रवेश अर्ज शुल्क गेली काही वर्षे राखीव प्रवर्गाला १०० आणि खुल्या प्रवर्गाला १५० रुपये आहे.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त सुटते. अर्ज भरून, छापून घरी नेला म्हणजे झाले असे वाटते. तसे नाही. जवळच्या आयटीआयमधल्या अर्ज स्वीकृती केंद्रात मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो. निश्चित न झालेला अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही. निश्चितीनंतर माहिती बदलता येत नाही, म्हणून केंद्रातल्या कर्मचाऱ्याने पडद्यावर दाखवलेला अर्ज मुलाने स्वतः वाचावा. घाई असली तरी.

निश्चिती झाल्यावर विकल्प आणि पसंतीक्रम. हे वेगळे काम आहे आणि त्याची शेवटची तारीखही वेगळी पाळावी लागते. विकल्पच न भरलेला उमेदवार यादीत वरच्या क्रमांकावर असला तरी त्याला जागा मिळत नाही. विकल्प म्हणजे संस्था अधिक व्यवसाय अशी जोडी. 'वणी, इलेक्ट्रिशियन' हा एक, 'वणी, वायरमन' हा दुसरा. दहा-बारा भरून थांबू नका. एसटीने ये-जा करता येईल अशा सगळ्या संस्था टाका. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते, त्यामुळे शेजारच्या तालुक्याची संस्थाही परवडते.

पहिल्या पसंतीचा नियम

जागावाटपाच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास उमेदवार पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणून 'बघू तर लागते का' म्हणून नागपूरची दूरची संस्था पहिल्या क्रमांकावर टाकायची, आणि ती लागल्यावर राहायची सोय नाही म्हणून सोडायची, हा फार महागात पडणारा प्रकार आहे. पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जे मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे आणि कागद घेऊन निघाल. पुढच्या फेऱ्यांत हे बंधन आणखी काही वरच्या पसंतींना लागू होते. नेमके किती, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा.

आधी प्राथमिक गुणवत्ता यादी येते. तिच्यात गुण किंवा प्रवर्ग चुकलेला दिसला तर हरकत नोंदवायला फार थोडा वेळ असतो. ती यादी बघणे हेही एक काम समजा. फेऱ्या संपूनही काही मिळाले नाही तर समुपदेशन फेरी असते. रिकाम्या राहिलेल्या जागा तिथे भरल्या जातात आणि ग्रामीण आयटीआयत या टप्प्यावरही चांगले व्यवसाय शिल्लक असतात. पुरवणी परीक्षेत पास झालेल्यांनी याच फेरीवर लक्ष ठेवावे.

प्रवेशाच्या दिवशी आणि नंतर

मूळ टीसी संस्थेत जमा होते. त्याआधी तिच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा. शिष्यवृत्ती व शुल्क परताव्यासाठी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करायचा, तोही दरवर्षी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि एका आधारला एकच खाते चालते, जे सगळ्यात शेवटी जोडले ते. पैसे दिसत नसतील तर बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलेला आहे तेवढे आधी विचारा.

वार्षिक परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी आणि सोयाबीन काढणीत मुले घरी राहतात आणि हजेरी इथेच घसरते. पालकांनी ऑगस्टमध्येच निदेशकांना (व्यवसाय शिकवणाऱ्या शिक्षकांना) भेटून किती दिवस चालतील ते विचारून घ्यावे. उत्तीर्ण व्हायला लेखीत ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकात मात्र ६० टक्के लागतात. म्हणून वर्कशॉपचे दिवस चुकवू नयेत. लेखीचा अभ्यास घरी भरून निघतो, लेथवरचा किंवा वेल्डिंगचा हात घरी बसत नाही.