चाल-विश्लेषण (मोशन कॅप्चर)

चाल-विश्लेषण : माणूस चालत असताना त्याच्या अवयवांच्या त्रिमितीय हालचाली कॅमेऱ्यांनी टिपून सांध्यांचे कोन, त्यांवर येणारी बले आणि पावलांचे कालमान काढण्याची पद्धत. एक पाऊल टेकल्यापासून तेच पाऊल पुन्हा टेकेपर्यंतचे आवर्तन हे मापनाचे एकक धरतात. नेहमीच्या चालीत आवर्तनाचा सुमारे 60 टक्के काळ तो पाय जमिनीवर, तर 40 टक्के अधांतरी असतो.

इतिहास : पद्धतीचा आरंभ कोणापासून मानावा, यावर मतभेद आहेत. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी घोड्याची दौड टिपली. त्यावरून काही लेखक त्यांना मान देतात. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एतिएन-ज्यूल मारे यांनी 1883 च्या सुमारास पॅरिसमध्ये चालणाऱ्याला काळा पोशाख चढवून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या, त्यामुळे छायाचित्राच्या एकाच काचेवर केवळ अवयवांच्या रेषा उमटल्या. आज अंगावर चिकटवल्या जाणाऱ्या खुणांचे (मार्करांचे) मूळ येथे दिसते. मात्र हे चित्रण एका प्रतलापुरते होते. मोजमाप हाच निकष धरल्यास लाइप्झिगचे विल्हेल्म ब्राउने व ओटो फिशर यांचा 1891 मधील प्रयोग अधिक निर्णायक ठरतो. त्यांनी काळ्या पोशाखातील माणसाच्या अंगावर गाइसलर नळ्या (विजेने उजळणाऱ्या, विरळ वायू भरलेल्या काचनळ्या) बांधल्या व रात्रीच्या अंधारात चार कॅमेऱ्यांसमोर, कधी लष्करी ओझ्यासह तर कधी ओझ्याविना, त्याला चालविले. नळ्या सेकंदाला सुमारे 26 वेळा उजळत. त्या चढवायलाच कित्येक तास लागत. आकडेमोड तर वर्षानुवर्षे चालली. ब्राउने 1892 मध्ये वारले आणि फिशर यांनी 1895 ते 1904 या काळात निष्कर्ष प्रसिद्ध केले. एवढ्या चिकाटीचे काम या क्षेत्रात क्वचितच झाले असेल.

विल्हेल्म व एडुआर्ट वेबर या बंधूंनी 1836 मध्ये पुढे जाणारा पाय लंबकाप्रमाणे आपोआप झुलतो असे मांडले होते. फिशर यांच्या गणिताने त्यात स्नायूंचा वाटा दाखवून दिला. तथापि मोशॉन व मॅकमेहन यांच्या 1980 मधील प्रतिमानात, झोक्याच्या आरंभी योग्य वेग मिळाला तर पुढचा बराचसा प्रवास स्नायूंविना घडू शकतो, असे दिसले. तेव्हा वेबर बंधूंची कल्पना पूर्णतः टाकाऊ नव्हती, असे म्हणणे रास्त होईल.

मापन : प्रयोगशाळेत अवरक्त प्रकाश परतविणारे छोटे गोल ठराविक हाडांच्या उंचवट्यांवर चिकटवतात. निदान दोन कॅमेऱ्यांना दिसलेल्या गोलाचे स्थान त्रिकोणनाने निघते. जमिनीत बसवलेले बलफलक पावलामुळे जमिनीवर पडणारे बल नोंदवतात. दोन्हींच्या मेळातून सांध्यांवरील आघूर्ण (बलाचा सांधा वळवणारा परिणाम) काढतात.

गोल कातडीवर असतो, हाड मात्र आत. मांडीवर हा फरक विशेष जाणवतो : टाच टेकताच मांस हलते आणि खूण हाडाच्या तुलनेत सेंटिमीटरपेक्षाही अधिक सरकू शकते. खुब्याच्या सांध्याचे केंद्र तर बोटांनी चाचपडता येत नाही. ते श्रोणीच्या (कमरेच्या हाडांच्या कड्याच्या) मापांवरून समीकरणाने, किंवा पाय गोलाकार फिरवून घेऊन ठरवतात. मांडीवरची खूण थोडी तिरकी बसली तरी गुडघ्याचा अक्ष वळतो आणि गुडघ्याचे निव्वळ वाकणे अंशतः बाजूच्या हालचालीसारखे नोंदले जाते. झोक्यात, म्हणजे पाय अधांतरी असताना, गुडघा 60 अंशांच्या आसपास वाकतो, म्हणून ही चूक तेथे ठळक होते. सांध्यांच्या कोनांचे आलेख वाचताना प्रथम हेच तपासावे.

उपयोग : सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) झालेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेचे नियोजन हे याचे सर्वांत रुजलेले क्षेत्र. कोणता स्नायू लांबवावा, मांडीचे हाड किती फिरवावे, हे नुसत्या नजरेने ठरवणे अवघड जाते, कारण एका सांध्यातील दोष दुसऱ्यातील भरपाईमागे लपतो. कृत्रिम पायांची जुळणी व खेळाडूंची तपासणी यांतही पद्धत वापरतात.

अलीकडे खुणांविना, साध्या चित्रफितींवरून सांधे ओळखणाऱ्या प्रणाली पुढे आल्या आहेत. दोन स्मार्टफोनवर चालणारी स्टॅनफर्डची ओपनकॅप ही त्यांपैकी एक. गुडघ्याच्या वाकण्यासाठी त्या आश्वासक असल्या, तरी हाडे स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरतात हे मोजण्यासाठी त्यांवर अद्याप विसंबता येत नाही.