१९६२ ची प्रिसिजन आणि ‘६२’ नावाची प्रिसिजन

फेंडर या अमेरिकन कंपनीची प्रिसिजन ही बेस गिटार विकायला येते तेव्हा जाहिरातीत ‘६२ पी-बेस’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचे दोन अर्थ होतात. एक, १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात तयार झालेली गिटार. दुसरा, १९८२ पासून फेंडरनेच काढलेली १९६२ ची नक्कल, म्हणजे ‘रीइश्यू’. दोन्हींवर फेंडरचंच नाव, दोन्ही अमेरिकन, दोन्ही कायदेशीर. किमतीत मात्र साधारण पाच पटींचा फरक आहे. चांगल्या अवस्थेतली अस्सल सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद रंगाची) दहा हजार डॉलरच्या आगेमागे जाते, तर वापरलेली अमेरिकन रीइश्यू दोन हजारांच्या जवळपास मिळते.

लांबून बघून या दोघींत फरक करायला जाऊ नये. रीइश्यू बनवलीच आहे मुळी सारखी दिसण्यासाठी. ३४ इंची स्केल (तारेची लांबी), २० फ्रेट (बोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या), सव्वासात इंच रेडियस (बोर्डची गोलाई), कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचा १३ स्क्रूंचा पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी), जी तारेच्या बाजूचा फिंगररेस्ट, उलट्या फिरणाऱ्या मोठ्या कानांच्या खुंट्या, नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असलेला ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) स्क्रू हे सगळं दोन्हीकडे आहे. फरक उरतो तो कारखान्यातल्या कामगाराने कुणाला दाखवण्यासाठी केला नाही अशा जागी: नेकच्या खालच्या टोकाला, पॉटच्या (आवाज आणि टोन कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर, पिकगार्डखालच्या लाकडात. म्हणून न उघडलेल्या गिटारला ‘अस्सल’ म्हणून पैसे मोजू नयेत.

सुरुवात नेक प्लेटपासून, म्हणजे नेक आणि बॉडी जोडणाऱ्या मागच्या धातूच्या पट्टीपासून होते, कारण तिथे स्क्रूड्रायव्हर लागत नाही. १९६२ च्या बहुतेक प्लेटांवर नुसता पाच आकडी नंबर आहे. त्या वर्षाच्या अखेरीस ‘एल’ने सुरू होणारे नंबर दिसू लागतात आणि १९६५ पर्यंत चालतात. अमेरिकन रीइश्यूच्या प्लेटवर नंबराआधी ‘व्ही’ असतो. ‘व्ही’ दिसला की प्रश्न मिटला, ती रीइश्यूच. पण ‘व्ही’ नाही म्हणजे अस्सल, असं उलट म्हणता येत नाही. प्लेट चार स्क्रूंवर बसते आणि जुन्या प्लेटा सुट्या विकल्या जातात. शिवाय कारखान्यात प्लेटा क्रमाने लावल्या जात नव्हत्या, हाताला येईल ती बसायची. त्यामुळे नंबरावरून महिना सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नये.

खरी माहिती नेक काढल्यावर मिळते. आधी तारा पूर्ण सैल करायच्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, म्हणजे खुंट्यांवरची गुंडाळी सुटत नाही. मग चारही स्क्रू काढून नेक सरळ वर उचलायचा. डावी-उजवीकडे हलवून काढायला गेलं की बॉडीतल्या खाचेच्या काठावरचं लॅकर टवका होऊन उडतं, आणि हे नुकसान विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होतं! शक्यतो विकणाऱ्यालाच काढायला सांगावं.

नेकच्या टोकावर १९६२ च्या मार्चच्या सुमारापासून शाईचा शिक्का येतो, त्याआधी पेन्सिलीने तारीख लिहीत. शिक्क्यात एक आकडा, महिना, वर्ष आणि शेवटी एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ‘५ जुलै ६२ सी’. पुष्कळ लोक हे पाच जुलै असं वाचतात. इथला ५ हा दिवस नाही, तो प्रिसिजनच्या नेकचा कोड आहे. फेंडरच्याच दुसऱ्या बेसला, जॅझ बेसला ७ असतो. शेवटचं अक्षर नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचपट्टीची) रुंदी सांगतं: ‘सी’ म्हणजे पावणेदोन इंच, ‘ए’ म्हणजे दीड इंच. प्रिसिजनच्या बॉडीवर ‘७’ आणि ‘ए’ असलेला नेक निघाला, तर कुणीतरी जॅझचा नेक बसवला आहे. हा शिक्का नेक कधी तयार झाला एवढंच सांगतो. गिटार जुळवली त्यानंतर, कधी काही आठवड्यांनी तर कधी काही महिन्यांनी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रीइश्यूच्या नेकवरही तारखा असतात आणि रबरी शिक्का बनवणं अवघड काम नाही.

तिथेच, त्याच टोकाला, फिंगरबोर्डचा काप बघायचा. इथे आपल्या बाजूने एक चांगला योगायोग आहे. १९५९ पासून फेंडर रोझवूडची जाड, खालून सपाट पट्टी लावत होतं, तिला ‘स्लॅब’ म्हणतात. १९६२ च्या मध्यावर ती बदलून खालून गोलाई असलेली पातळ पट्टी आली. टोकाकडून पाहिलं तर स्लॅबमध्ये मेपल आणि रोझवूडची सांधरेघ सरळ दिसते, नंतरच्या पट्टीत ती कमानीसारखी वळते. १९८२ च्या ‘६२’ रीइश्यूला स्लॅब आहे. म्हणजे शिक्का ‘नोव्हेंबर ६२’ सांगतो आणि रेघ सरळ असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतं आहे. त्याचप्रमाणे ‘१९६४ ची अस्सल’ म्हणून आलेल्या गिटारला स्लॅब असेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही. बोर्डवरचे ठिपके मात्र निर्णायक नाहीत. मातकट, चमक नसलेले ‘क्ले’ ठिपके १९६४ च्या उत्तरार्धापर्यंत होते, त्यानंतर मोतिया चमकीचे आले. पण रीइश्यूत क्लेची नक्कल चांगली जमली आहे.

आता पिकगार्ड. १९६२ चा पिकगार्ड सेल्युलॉइडचा आहे आणि साठ वर्षांत तो आक्रसलेला असतो. स्क्रूची भोकं लाकडातल्या भोकांपासून सरकतात, स्क्रू तिरपे बसतात, कडांना तडे जातात. तेरा स्क्रूंपैकी दोन-तीन भोकांपाशी तुकडा गेलेला असणं अगदी नेहमीचं. स्क्रू बरोबर मापाच्या ड्रायव्हरने काढावेत, गार्ड चिकटला असेल तर खाली पातं घालून उचकटू नये. सेल्युलॉइडचा जुना तुकडा मोडला की जोडता येत नाही, आणि चांगला अस्सल गार्ड हीच एक स्वतंत्र महागडी वस्तू आहे. रीइश्यूचा गार्ड सपाट, सरळ आणि भोकांवर नेमका बसलेला असतो. ‘साठ वर्षं जुनी’ गिटार आणि एका रेषेत उभे तेरा स्क्रू हे जमत नाही. गार्ड बदललेला असू शकतो, तसं असेल तर तसं सांगितलं पाहिजे आणि किंमत उतरली पाहिजे.

गार्ड उलटा केला की प्रिसिजनची सगळी वायरिंग हातात येते, कारण दोन्ही पॉट आणि जॅक गार्डवरच बसवलेले आहेत. पॉटच्या पाठीवर सात आकडे कोरलेले असतात. पहिले तीन कंपनीचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. ३०४६२२५ म्हणजे स्टॅकपोल, १९६२, २५ वा आठवडा. १९६२ च्या प्रिसिजनमध्ये बहुधा स्टॅकपोल सापडतो, रीइश्यूत १३७ आणि त्यापुढे ८० च्या पुढचं वर्ष. पॉटची तारीख गिटारची जन्मतारीख नाही. ती एवढंच सांगते की गिटार याआधीची असू शकत नाही. नेक मे ६२ चा आणि पॉट त्याच वर्षाच्या चाळिसाव्या आठवड्यातला असेल, तर पॉट नंतर बदलला आहे, किंवा नेक जुळवणीआधी बराच काळ पडून होता; डाख बघून ठरवावं. कारखान्यातला डाख मंद, राखाडी आणि एकदाच वितळलेला दिसतो. चकचकीत गोळा, करपलेलं कापडी आवरण, पॉटच्या पाठीवर दोन थरांचा डाख हे नंतरच्या हाताचं काम. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा हिशोब ढिला पडतो, कारण १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर घेतल्यावर १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा केला आणि तो १९६९ पर्यंत वापरला गेला.

पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) काढून खालची फायबरची पट्टी पाहावी. १९६२ ला ती काळी हवी, १९६४ पासून राखाडी होते. पिकअप जिवंत आहे का हे उघडण्याआधीच कळतं: जॅकला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावायचा. दहा-साडेदहा किलोओहमच्या आसपास आकडा आला तर ठीक. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन अर्धे एकामागोमाग जोडलेले आहेत, त्यामुळे एकाची तार तुटली की अर्धा नव्हे, पूर्ण आवाज जातो. मीटर निम्मा आकडा दाखवत असेल, तर एका बाजूचं वेटोळं आतल्या आत जुळलं आहे किंवा कुणीतरी वगळलं आहे. पुन्हा गुंडाळलेला पिकअप वाजतो उत्तम, पण संग्राहकाच्या दृष्टीने तो अस्सल राहत नाही.

बॉडीतली माझी आवडती खूण म्हणजे खिळ्यांची भोकं. १९६४ पर्यंत फेंडर बॉडीला तीन-चार खिळे मारून, त्यावर ती टेकवून रंग देत आणि वाळवत असे. रंग वाळल्यावर खिळे काढले जात, म्हणून भोकाच्या आत कोरं लाकूड असतं. पिकगार्डखाली ती शोधावीत. रीइश्यूत ती सहसा नसतात. जुन्या बॉडीत ती आहेत पण आत रंग शिरला आहे, तर बॉडी नंतर पुन्हा रंगवली आहे. या एका भोकाच्या तळाशी हजारो डॉलर असतात: पुन्हा रंग दिलेली गिटार मूळ रंगाच्या साधारण निम्म्या किमतीला जाते, मग रंगकाम कितीही देखणं असो. फिएस्टा रेड किंवा लेक प्लॅसिड ब्लूसारखे खास रंग त्या काळी फक्त पाच टक्के जादा देऊन मिळत. आज त्यांना मोठी जादा किंमत आहे, आणि नेमके तेच सर्वात जास्त खोटे केले जातात. खास रंगाखाली सनबर्स्ट सापडला म्हणून लगेच खोटं म्हणता येत नाही, कारखाना तसंही करी. पण खिळ्यांची भोकं रंगाने भरलेली असली तर वाद संपतो.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चही मारून पाहावा. जुनं नायट्रो लॅकर पिवळट-हिरवट चमकतं, मध्येच केलेला टच-अप गडद डाग होऊन उठतो. तडे बघताना सावध राहावं. नैसर्गिक तडे फाटे फोडत, वेगवेगळ्या अंतरांनी जातात. पात्याने पाडलेले सरळ, समांतर आणि कापाच्या धारेसारखे असतात.

जपानी नकलांची एक वेगळी जात आहे. १९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झालं, गिटारी मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात बनत. नंबर ‘जेव्ही’ने सुरू होतात. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या सर्वात आधीच्या गिटारींच्या हेडस्टॉकवर (नेकच्या खुंट्यांच्या टोकावर) फेंडरचं मोठं नाव आणि टोकाला छोटंसं ‘स्क्वायर सिरीज’ असे. ते छोटं खरवडून काढून गिटार अमेरिकन म्हणून खपवणारे आहेत, तेव्हा हेडस्टॉकच्या टोकाची चमक बाकीच्यापेक्षा वेगळी आहे का ते तिरप्या उजेडात बघावं. न खरवडलेल्या जेव्ही गिटारी मात्र उत्तम आहेत. १९८२ ते ८४ मधल्या, फुलर्टनमध्येच बनलेल्या अमेरिकन रीइश्यूंनाही आता स्वतंत्र मागणी आहे, कारण त्यानंतर तो कारखाना बंद झाला आणि काम कॅलिफोर्नियातल्याच कोरोना या शहरात गेलं.

वाजवण्यासाठी हवी असेल तर सरळ रीइश्यू घ्यावी. तिच्यात नवा ब्रिज बसवला, खुंट्या बदलल्या, फ्रेट नवे घातले तर कुणाचं काही जात नाही. अस्सल गिटारच्या बाबतीत प्रत्येक जादा भोक पैसे खातं: ब्रिजखालची नवी भोकं, खुंट्यांसाठी मोठी केलेली छिद्रं, आणि १९७० च्या दशकात फॅशन म्हणून ब्रिजजवळ खोदलेला दुसरा पिकअप. वाकलेला नेक आणि अडकलेला ट्रस रॉड दोन्हीकडे सापडतात. रॉडचा स्क्रू नेकच्या टोकाला असल्याने नेक काढला असतानाच तो पाव फेरा फिरतो का ते पाहून घ्यावं. फिरला नाही तर जोर लावू नये, सौदा सोडावा किंवा दुरुस्तीचा खर्च वजा करावा.

परदेशातून भारतात मागवताना लाकडाचा प्रश्न येतो. १९६२ च्या गिटारचा बोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा, आणि ते झाड १९९२ पासून सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. करारपूर्व लाकूड असल्याचं प्रमाणपत्र विक्रेत्याच्या देशातून काढूनच ती पाठवता येते. ते नसेल तर कस्टम्समध्ये गिटार अडकते. रीइश्यूचा बोर्ड बहुतेक वेळा भारतीय रोझवूडचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीचा. तो २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. फोटो बघून दोन रोझवूड ओळखणारे बहुतेक वेळा अंदाजच सांगत असतात, म्हणून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून नेकचं टोक, दोन्ही पॉटची पाठ, खिळ्यांची भोकं आणि प्रमाणपत्र या चार गोष्टींचे स्पष्ट फोटो मागवावेत. नेक काढायला नकार देणारा विक्रेता अस्सलचा भाव मागत असेल, तर त्याला रीइश्यूचा भाव सांगावा.