नसरीन मोहम्मदींची रेघ कुठून आली

मांडव्याहून अलिबागला जाताना वाटेत किहीम लागतं. सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो याच किहीमला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण भारतातल्या भौमितिक अमूर्त चित्रकलेतलं सगळ्यात मोठं नाव म्हणावं अशा नसरीन मोहम्मदी यांचं घर इथे होतं आणि १९९० च्या मे महिन्यात त्या इथेच गेल्या, हे सांगितलं की आपल्याकडची माणसं अजूनही चकित होतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

त्यांचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. पांढरा कागद, त्यावर शाईने नाहीतर पेन्सिलीने पट्टी धरून मारलेल्या बारीक बारीक रेघा, रंग नाही, माणूस नाही, झाड नाही, चित्राला नाव नाही आणि बहुतेक वेळा खाली सही नाही की तारीख नाही. पहिल्यांदा बघणारा म्हणतो की हे इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग आहे, आणि त्यात त्याची चूक नाही कारण हत्यारं खरंच तीच होती, ड्रॉइंग बोर्ड, सेटस्क्वेअर, शाईची ड्राफ्टिंग पेनं. पण ही रेघ त्यांच्याकडे सुरुवातीपासून नव्हती. तिच्यापर्यंत यायला त्यांना पंधरा-वीस वर्षं लागली.

जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. १९४४ ला कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचा बहारीनमध्ये फोटोग्राफीच्या सामानाचा व्यवसाय होता, म्हणजे कॅमेरा घरातलाच, आणि वाळवंटही येण्याजाण्यातलं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. १९५४ ते ५७ त्या लंडनला सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिकल्या आणि परत आल्यावर मुंबईत वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला लागल्या.

भुलाभाईबद्दल जरा थांबून सांगायला पाहिजे, कारण आजच्या मुंबईत अशी जागा असू शकते यावर विश्वास बसत नाही. समुद्राला लागून बंगला, एका खोलीत रविशंकरांचं संगीताचं काम, दुसरीकडे अल्काझींचं नाटक, आणि चित्रकारांना स्टुडिओ. हुसेन, तय्यब मेहता, गायतोंडे सगळे तिथे. यातले वासुदेव गायतोंडे म्हणजे नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याकडच्या घरातले, जेजेचे विद्यार्थी, कमी बोलणारे. ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणू द्यायचे नाहीत, ती वस्तुनिरपेक्ष आहेत, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून काढलेली नाहीत, असं म्हणायचे. विशीतल्या नसरीनवर त्यांचा खोल परिणाम झाला हे जवळजवळ सगळेच लिहितात, आणि मला वाटतं तो परिणाम स्टाइलचा कमी आणि वृत्तीचा जास्त होता. दोघांचं काम शेजारी ठेवलं तर सारखं दिसत नाही, गायतोंड्यांचा रंग रोलरने थरावर थर चढतो, नसरीनकडे रंगच उरला नाही. सारखी आहे ती शांतता, आणि लोकांना काय समजेल याची काळजी न करणं.

मग १९६१ ते ६३ पॅरिस. या साठच्या दशकातले त्यांचे कागद बघितले की लक्षात येतं की अजून जग कागदावर आहे. फांदी असावी असं काहीतरी, पाण्यात पसरलेली शाई, झुडूप, किनारा, मधे कुठे कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र. रेघ हाताने ओढलेली, थरथरती, ओली. पट्टी अजून आलेली नाही. पण हळूहळू वस्तू पुसट होत जातात आणि त्यांच्यामधली जागा वाढत जाते, फांदीऐवजी फांदीची दिशा उरते. १९७० ला त्या दिल्लीला गेल्या, १९७२ ला बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायला लागल्या आणि शेवटपर्यंत तिथेच शिकवत राहिल्या. याच सुमारास पट्टी आली, आणि ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची जाळी, आली.

सत्तरच्या दशकातला असा एक कागद जवळून बघू. आकाराने मोठा नाही, टेबलावर सहज मावणारा. वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा, लांबून राखाडी पट्टे दिसतात. जवळ गेलं की कळतं की दोन रेघांमधलं अंतर सारखं नाहीये, इथे दाट, तिथे विरळ, एखादी रेघ मधेच तुटते आणि केसाएवढी फट सोडून परत सुरू होते, काही ठिकाणी शाई जाड आहे आणि काही ठिकाणी इतकी फिकी की ती शाई आहे का पेन्सिल हे नाक लावून बघावं लागतं. आणि मग तिरप्या रेघा येतात आणि तो सपाट कागद आत वळायला लागतो. छापील चित्रात याचा पत्ता लागत नाही, फोनवर तर अजिबातच नाही, फोटोत ही चित्रं मरतात. प्रत्यक्षात ती हलतात, उन्हात पाणी हलतं तशी.

आणि इथेच ते फोटो येतात. नसरीन आयुष्यभर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढत होत्या, पण हयातीत त्यांनी ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत, त्या गेल्यावर लोकांना कळलं की अरे, हे सगळं इथे होतं. फत्तेपूर सिक्रीतल्या दगडी फरशा आणि पाण्याच्या टाकीच्या कडा. डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टे. वाळवंट. समुद्राचं पाणी मागे गेल्यावर ओल्या वाळूवर उरलेले वळ. आणि मागावर ताणलेले धागे, हा फोटो मला सगळ्यात जवळचा वाटतो. ज्यांनी येवल्याला किंवा पैठणला माग पाहिला असेल त्यांना सांगायला नको, कापड व्हायच्या आधी नुसता ताणा असतो, शेकडो धागे एकमेकांना न चिकटता ताणलेले, आणि उजेड तिरपा पडला की काही धागे दिसतात, काही नाहीसे होतात. हे बघून नसरीनचा कागद बघितला की कुणी काही समजावायची गरज पडत नाही. म्हणून त्यांची भूमिती पुस्तकातून उचललेली आहे, किंवा पश्चिमेतल्या मिनिमलिझमची, म्हणजे कमीत कमी आकारांत चित्र करण्याच्या प्रवाहाची, आपल्याकडची आवृत्ती आहे, हे मला पटत नाही. त्यांनी कांडिन्स्की आणि क्ले हे युरोपातले अमूर्ताकडे वळलेले चित्रकार मन लावून वाचले-पाहिले होते हे खरं, आणि बारीक रेघांच्या जाळ्या काढणाऱ्या अमेरिकेतल्या चित्रकार अॅग्नेस मार्टिनशी त्यांची तुलना सतत होते तीही समजू शकते. पण भूमितीकडे बघत बघत जाता येतं, हे डच चित्रकार मोंद्रियानच्या बाबतीतही खरं आहे, तो आधी झाडं काढायचा, मग समुद्र आणि समुद्रात घुसलेला धक्का काढता काढता १९१५ च्या आसपास कागदावर नुसत्या आडव्या-उभ्या छोट्या रेघा उरल्या. नसरीनचा रस्ता तसाच, फक्त समुद्र अरबी.

बडोद्यात हे करणं किती एकटं काम होतं तेही लक्षात घ्या. तिथे तेव्हा वारं उलट दिशेला वाहत होतं. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख ही मंडळी गोष्ट सांगणारी, माणसांनी भरलेली चित्रं करत होती, आणि १९८१ ला मुंबई-दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन झालं त्यात आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धनही होते. फार महत्त्वाचं काम होतं ते, पण त्याच बडोद्यात एक बाई जवळजवळ रिकाम्या पांढऱ्या खोलीत वाकून रेघा मारत बसलेली, आणि ही सगळी तिची मित्रमंडळी, भांडण कुणाशीच नाही. त्यांच्या डायऱ्याही तशाच, लिहायचं आणि मग छापील पानावरचा काही भाग शाईच्या पट्ट्यांनी झाकून टाकायचा, की वाक्यापेक्षा पानाची रचनाच आधी दिसावी.

जगाने दखल घ्यायला उशीर केला. २००७ ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं काम लागलं, २०१३ ला दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं, २०१५ ला माद्रिदच्या रेना सोफिया म्युझियममध्ये, आणि २०१६ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा सुरुवातीच्या दोन प्रदर्शनांतलं एक नसरीनचं होतं. चित्रांवर तारखा नसल्यामुळे अभ्यासकांना आधी कुठलं आणि नंतर कुठलं हे अंदाजाने लावावं लागतं, त्यामुळे मी वर जो क्रम सांगितला त्यातही दशकं खात्रीची आहेत, एकेक कागद नाही.

शेवटची वर्षं आजाराची होती. हातापायांच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू जात राहणारा आजार, घरातल्या इतरांनाही होऊन गेलेला. चालताना तोल जायचा, हात ऐकायचे नाहीत. आणि याच ऐंशीच्या दशकातली चित्रं बघा, ग्रिड गेली, दाटी गेली, मोठ्या कोऱ्या कागदावर काही तिरप्या रेघा आणि एखादा कमानीसारखा वळणारा आकार, कशालाही न टेकलेला. रेघ कुठेही हललेली नाही. पट्टी धरायला एक हात आणि पेन धरायला दुसरा, आणि दोन्ही हात असे असताना एकेक रेघ ओढायला त्यांना किती वेळ लागत असेल याचा विचार मी त्या कागदांसमोर उभी असताना दर वेळी करते. त्या ५३ वर्षांच्या होत्या. किहीमच्या घराजवळ ओहोटीला अजूनही वाळूवर तसेच वळ उमटतात, पुढच्या भरतीपर्यंत राहतात.