माळीकाम शिकताना विद्यावेतन: मुंबईतल्या माळ्यांनी कुठे आणि कसा अर्ज करावा

मुंबईत माळीकाम करणारे बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखाली शिकलेले असतात. वडील, गाववाले, नर्सरीचा मालक. कुंड्या बदलणं, खतपाणी, फवारणी हे सगळं हातात बसलेलं असतं. पण गच्चीवर हिरवी भिंत उभी करणं, ठिबकचा टायमर लावणं किंवा जुन्या गुलमोहराची फांदी जखम भरून येईल अशी नेमकी कुठून कापायची, हे चांगल्या बागेत जाणत्या माणसाबरोबर काही महिने काढल्याशिवाय येत नाही. प्रश्न असतो तेवढे महिने घर चालवण्याचा. त्यासाठी दोन सरकारी योजना उपयोगी पडतात, आणि त्यातली तुमची कोणती हे मुख्यतः शिक्षणावर ठरतं.

बारावी किंवा पुढे शिकला असाल तर

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा अधिवास, आणि सध्या कुठे शिक्षण चालू नसावं. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये थेट खात्यात जमा होतात. आयटीआयचा ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ ट्रेड केलेल्यांनी इथे जरूर प्रयत्न करावा. नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगार पोर्टलवर करायची.

शिकवणाऱ्या आस्थापनेलाही अटी आहेत. खासगी असेल तर ती किमान 3 वर्षं चालू हवी आणि तिथे किमान 20 माणसं कामाला हवीत. सेवा क्षेत्रात मनुष्यबळाच्या 20 टक्क्यांपर्यंत प्रशिक्षणार्थी घेता येतात, म्हणजे 20 माळी असलेला लँडस्केप कंत्राटदार चौघांना घेऊ शकतो. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयंही प्रशिक्षणार्थी घेतात.

पाचवी ते दहावी शिकला असाल तर

मुंबईतले कितीतरी माळी या गटात येतात, आणि त्यांना वाटतं आपल्यासाठी काहीच नाही. तसं नाही. केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना त्यांच्यासाठी खुली आहे. 2019 च्या नियमांनुसार पाचवी ते नववी शिकलेल्या शिकाऊ उमेदवाराला महिना किमान 5,000, दहावीला 6,000 आणि बारावीला 7,000 रुपये विद्यावेतन ठरलं आहे. ते मालक देतो. त्यातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र उचलतं आणि ऑगस्ट 2023 पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. या योजनेत अधिवासाची अट नाही. उत्तर प्रदेश, बिहारमधून येऊन इथे काम करणाऱ्या माळीबांधवांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली लेखी करार होतो आणि तो केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवला जातो. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. झाडावर चढून छाटणी शिकणार असाल तर ही तरतूद फार मोलाची आहे, म्हणून करार नोंदवला गेल्याची खात्री करूनच कामाला हात लावा.

आधी बाग शोधा, मग फॉर्म भरा

बरेच जण सायबर कॅफेत जाऊन आधी फॉर्म भरतात आणि मग कुणी बोलावतंय का याची वाट बघत बसतात. माझं ठाम मत आहे की क्रम उलटा हवा. मोठं हॉटेल, रुग्णालय, महाविद्यालयाचं आवार, दोन-चार टॉवरांचं संकुल, लँडस्केप कंत्राटदार: जिथलं काम बघून शिकावंसं वाटतं तिथे जा, मुख्य माळ्याशी बोला, ‘पोर्टलवर नोंदणी आहे का, जागा टाकाल का’ असं सरळ विचारा. काय शिकायचंय हेही सांगा. राणीच्या बागेत फेरी मारून जुन्या झाडांची निगा कशी राखली आहे ते पाहिलं तरी काय विचारायचं ते सुचतं. आणि जागा शक्यतो घराजवळची निवडा. 5,000–6,000 रुपयांत मुंबईत घर चालत नाही. त्यातून लोकलचा पास आणि रिक्षा वजा झाली तर हातात फार थोडं उरतं.

कागदपत्रं

आधार आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर, शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका, बँक पासबुक, फोटो. राज्य योजनेसाठी वर अधिवास प्रमाणपत्र. त्याला साधारणपणे राज्यातलं 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं आणि ते सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतं. वेळ लागतो, म्हणून सुरुवात यानेच करा.

पैसे अडकतात ते दोन ठिकाणी. पहिलं, नाव. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असेल तर अर्ज तिथेच थांबतो. माळीकाम करणाऱ्या लग्न झालेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो: दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ ठेवा.

दुसरं, बँक खातं. आधार अनेक खात्यांना जोडता येतं, पण सरकारी पैसा त्यातल्या एकाच, सहसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. माझ्या ओळखीच्या एका माळ्याचे तीन महिन्यांचे पैसे गावच्या बँकेत पडून होते आणि तो इथल्या शाखेत खेटे घालत होता. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते, अर्जाआधी ती तपासा.

वय उलटलं असेल, किंवा नोकरी सोडता येत नसेल

अशांना पूर्वानुभवाची मान्यता हा मार्ग आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 18 ते 59 वयाच्या अनुभवी कामगाराची थोडक्यात उजळणी आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. माळीकामाचा अभ्यासक्रम भारतीय कृषी कौशल्य परिषदेचा आहे. यात दुसऱ्या बागेत राहून शिकणं होत नाही, पण वीस वर्षांच्या अनुभवाला प्रथमच कागद मिळतो आणि पगाराची बोलणी करताना तो पुढे ठेवता येतो.

एक गल्लत मात्र टाळा. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत ‘मालाकार’ आहे, तो फुलांचे हार गुंफणारा. बागेत काम करणारा माळी त्यात बसत नाही. नावावरून कुणी तो फॉर्म भरून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.