अनडू

अनडू : केलेली कृती उलट दिशेने करून वस्तू किंवा स्थिती आधीसारखी करणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. गाठ सोडणे, गुंड्या काढणे, घेतलेला निर्णय फिरवणे, संगणकावरील शेवटची क्रिया मागे घेणे आणि एखाद्याचा सत्यानाश करणे, इतक्या दूरदूरच्या अर्थांनी ते वापरले जाते. त्याची रूपे अनडज, अनडिड आणि अनडन अशी होतात. ‘अनडूइंग’ हे नाम बहुधा ऱ्हासाचे कारण या अर्थाने येते.

हा शब्द जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे. त्यातील ‘अन’ या उपसर्गाबाबत मराठी वाचकाची फसगत होणे स्वाभाविक आहे, कारण तो ‘अनपेक्षित’, ‘अनुचित’ यांतल्या ‘अन्’सारखा ऐकू येतो. इंग्रजीत दिसायला सारखे, पण मुळात वेगळे असे दोन ‘अन’ आहेत. विशेषणांना लागून नकार दाखवणारा पहिला ‘अन’ संस्कृतातील ‘अ-’, ‘अन्-’ यांचा खराखुरा भाऊबंद आहे. क्रियापदांना लागून क्रिया उलटवणारा दुसरा जर्मनमधील ‘एंट’ या उपसर्गाशी आणि ग्रीक ‘अँटी’शी नाते सांगतो. ‘अनडू’मध्ये हा दुसरा आहे, म्हणून त्याचा अर्थ ‘न करणे’ असा नसून ‘केलेले उलटवणे’ असा आहे.

‘अनडन’ या रूपात मात्र दोन्ही उपसर्ग एकाच जागी येऊन बसतात. बुटाची नाडी ‘अनडन’ असेल तर ती बांधलेली होती आणि सुटली. काम ‘अनडन’ राहिले असेल तर त्याला हातच लागलेला नाही. कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भावरूनच कळते. तिसरा अर्थ नाशाचा. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये यशया संदेष्टा देवाच्या दर्शनाने हादरून स्वतःला ‘अनडन’ म्हणवतो, म्हणजे ‘माझा सर्वनाश झाला’ असे म्हणतो. शेक्सपिअरच्या नाटकात झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ, झालेली गोष्ट न झाल्यासारखी करता येत नाही, असे बोलते तेव्हा अर्थ पुन्हा उलटवण्याचाच असतो. नाशाचा अर्थ आजच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतो.

कोणत्याही क्रियापदाला हा उपसर्ग लावता येत नाही. बांधणे, गुंडाळणे, कुलूप लावणे, घडी घालणे यांना तो सहज लागतो. खाणे, मोडणे, मारणे यांना लागत नाही. झाकणे, वेढणे, चिकटवणे अशा अर्थाच्या क्रियापदांनाच तो लागतो, हे भाषाभ्यासक बेंजामिन ली वोर्फ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. संगणकाने ही मर्यादा बरीच सैल केली. मैत्रीच्या यादीतून वगळणे या अर्थाचा ‘अनफ्रेंड’ हा 2009 मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीचा वर्षाचा शब्द ठरला होता.

मराठीत ‘अनडू’ला एकच प्रतिशब्द नाही, आणि तसा तो नसण्यात काही उणे आहे असे वाटत नाही. मराठी क्रियापद वस्तू पाहून ठरते. गाठ सोडवतात, शिवण उसवतात, घडी उलगडतात, नेसलेले वस्त्र फेडतात, आदेश मागे घेतात. शिंपी चुकलेली बाही पुन्हा लावताना ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडत जातो, त्याला उसवणे म्हणतात. तिथे ‘पूर्ववत करणे’ म्हटले तर तो शिंपीच गोंधळेल. संगणकाच्या मराठी आवृत्त्यांत मात्र ‘पूर्ववत करा’ हेच रूढ झाले आहे. प्रत्यक्ष बोलताना ‘अनडू कर’ किंवा ‘कंट्रोल झेड मार’ असेच म्हणतात.

संगणकातील अनडूची सोय 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्राउन विद्यापीठातील मजकूर-संपादन प्रणालीत होती. ॲपल कंपनीच्या 1983 च्या लिसा या संगणकामुळे झेड ही कळ या कामाशी जोडली गेली. एक्स, सी आणि व्ही या कापणे, नक्कल करणे व चिकटवणे यांच्या कळा तिच्याच ओळीत शेजारी आहेत. आज्ञावली प्रत्येक क्रिया चळतीसारखी एकावर एक रचून ठेवते आणि वरची आधी काढते. समजा, ‘पुणे’ टंकले, ते ठळक केले आणि मग पुसले. तर कंट्रोल झेडने आधी पुसलेला शब्द ठळक अक्षरांत परत येतो, दुसऱ्यांदा ठळकपणा जातो. मागे घेतलेले पुन्हा करण्याची सोय ‘रीडू’ म्हणून ओळखली जाते. पण मधे एक जरी नवे अक्षर टंकले, तरी बहुतेक आज्ञावल्यांत रीडूची चळत रिकामी होते. मजकूर जुळवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी अनुभवलेले असते.

जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची सोय 2015 पासून सर्वांसाठी आहे. तिला अनडू म्हणणे तसे सैलच, कारण तिथे पोहोचलेला मेल परत येत नाही. जीमेल तो वापरकर्त्याने निवडल्याप्रमाणे 5 ते 30 सेकंद अडवून ठेवते आणि तेवढ्यात पडद्यावरचे ‘अनडू’ दाबले तर पाठवतच नाही.