फारूक राजाच्या इजिप्तमध्ये मंत्री व्हायचं तर: पात्रता, कागदपत्रं आणि आघाडी सरकारची प्रोसेस (१९४९)

समजा साल १९४९ आहे, इजिप्तच्या गादीवर फारूक आहे आणि कुणा पाशाला (पाशा म्हणजे बड्या लोकांना मिळणारी पदवी) मंत्रिमंडळात जायचंय, तर नियम बघायचे १९ एप्रिल १९२३ ला निघालेल्या घटनेत. मध्ये १९३० ला ती बाजूला टाकून दुसरी आणली होती पण १९३५ ला जुनीच परत आली, त्यामुळे १९४९ ला चालू होती ती हीच.

पात्रता एकदम छोटी. माणूस इजिप्शियन पाहिजे (कलम ५८) आणि राजघराण्यातला नको (कलम ५९), बास. खासदार असायलाच पाहिजे असंही काही नाही, मंत्री कुठल्याही सभागृहात येऊन बोलू शकतो, फक्त मत द्यायचं असेल तर त्या सभागृहाचा मेंबर लागतो. पदावर असेपर्यंत सरकारी जमीन-मालमत्ता विकत किंवा भाड्याने घ्यायची नाही, अगदी जाहीर लिलावातसुद्धा नाही, आणि कुठल्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसायचं नाही.

गंमत म्हणजे मंत्र्यापेक्षा खासदार होणं अवघड. खालच्या सभागृहासाठी वय ३० पूर्ण पाहिजे, साठ हजार लोकसंख्येमागे एक जागा, मुदत पाच वर्षं. वरच्या सभागृहासाठी वय ४० आणि शिवाय ठरलेल्या वर्गांपैकी एकात बसायला हवं, म्हणजे माजी मंत्री, राजदूत, न्यायाधीश, मोठे धर्मगुरू, निवृत्त मोठे लष्करी अधिकारी, नाहीतर मग वर्षाला १५० पौंड कर भरणारा जमीनदार. तिथल्याही पाचातल्या दोन जागा राजाच भरणार. बायकांना मत देण्याचा अधिकारच नव्हता, तो मिळाला १९५६ ला, राजेशाही गेल्यावर.

आता कागद. पहिला म्हणजे राजाचा हुकूम, ज्याला पंतप्रधान करायचंय त्याच्या नावाने, पत्रासारखाच, सुरुवात 'प्रिय अमुक पाशा' अशी. मग त्या पाशाने उत्तर द्यायचं, जबाबदारी स्वीकारली म्हणून कळवायचं आणि मंत्र्यांची नावं सुचवायची. मग नेमणुकीचं फर्मान निघतं आणि सरकारी गॅझेटात छापून येतं (अल-वकाई अल-मिस्रिया, १८२८ पासून चालू आहे). राज्यकारभारातल्या राजाच्या सहीला नुसती किंमत नाही, पंतप्रधान आणि त्या खात्याचा मंत्री यांची सही सोबत लागते. आणि कलम ६२ तर भारीच आहे, राजाने तोंडी सांगितलं काय किंवा लिहून दिलं काय, मंत्री जबाबदारीतून सुटत नाही!

पण हे सगळं झालं कागदावर. खरी पात्रता कलम ४९ मध्ये आहे, राजा मंत्री नेमतो आणि काढतो. खालच्या सभागृहाने अविश्वास आणला तर सरकारने जायचं हे कलम ६५ सांगतं, पण प्रत्यक्षात सरकारं जायची ती राजवाड्यातून, कधी ब्रिटिशांच्या दट्ट्याने. ४ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश राजदूत लॅम्पसनने आब्दीन राजवाड्याभोवती रणगाडे लावले आणि फारूकला वफ्द या सगळ्यात मोठ्या राष्ट्रवादी पक्षाच्या नहास पाशांना पंतप्रधान करायला लावलं. फारूकला तेव्हा सर्वपक्षीय आघाडी हवी होती, नहासनी साफ नाही म्हटलं, फक्त वफ्दचंच सरकार पाहिजे.

म्हणून १९४९ ची आघाडी इंटरेस्टिंग. डिसेंबर १९४८ ला पंतप्रधान नुक्राशी पाशांचा खून झाला, मग इब्राहिम अब्देल हादी आले, लष्करी कायदा चालू, धरपकड जोरात, आणि जुलै १९४९ मध्ये राजाने त्यांना घालवून हुसेन सिर्री पाशांना बोलावलं. सिर्री मूळचे इंजिनियर, कुठल्याच पक्षाचे नाहीत, आधी १९४० ते ४२ पंतप्रधान राहिलेले. त्यांनी वफ्द, सादिस्ट (वफ्दमधून फुटलेला पक्ष), लिबरल, वतनी पक्ष आणि अपक्ष असे सगळे एका टेबलाला बसवले. नहास स्वतः आले नाहीत, वफ्दकडून फुआद सिराजुद्दीन वगैरे मंडळी आली.

आघाडीसाठी वेगळा फॉर्म, वेगळी प्रोसेस असं काही नाही बरं का, घटनेने पक्षाकडे बघितलंच नाही, ती ओळखते फक्त राजा आणि पंतप्रधान. कुठल्या पक्षाला किती खाती हे सगळं बाहेरच ठरवायचं. त्यामुळे भांडण झालं की मिटवायला नियमच नाही. आणि काम काय दिलेलं, तर निवडणुकीची तयारी! मतदारसंघांच्या हद्दी आखायला बसले आणि तिथेच फाटलं, भाऊबंदकीत बांधावरून होतं तसं. माझं मत विचाराल तर हे होणारच होतं, ज्याला त्या हद्दीतून निवडून यायचंय त्यालाच हद्द आखायला बसवलंय.

३ नोव्हेंबर १९४९ ला सिर्रींनी राजीनामा दिला आणि लगेच बिनपक्षीय मंत्रिमंडळ बनवलं. मग खालचं सभागृह बरखास्त करायचं फर्मान, त्यातही अट आहे, दोन महिन्यांच्या आत निवडणूक आणि नवीन सभागृह कधी बसणार ती तारीख त्याच फर्मानात लिहावी लागते. ३ जानेवारी १९५० ला मतदान झालं, वफ्दला ३१९ पैकी सव्वादोनशेच्या आसपास जागा मिळाल्या आणि १२ तारखेला नहास परत पंतप्रधान, म्हणजे आघाडीची गरजच संपली.

बडतर्फीची प्रोसेस सगळ्यात सोपी, एक हुकूम पुरतो. २६ जानेवारी १९५२ ला कैरो जळलं, दुसऱ्या दिवशी नहास घरी. त्यानंतर सहा महिन्यांत चार सरकारं, त्यातलं तिसरं सिर्रींचंच. चौथं हिलाली पाशांचं, २२ जुलैला सगळे सोपस्कार व्यवस्थित करून बसलं आणि त्याच रात्री सैन्याने सत्ता घेतली. डिसेंबरमध्ये १९२३ ची घटनाच रद्द झाली.